घोडीचा हरभरा

घोडीवर बसणारी बाई म्हणून आमच्या भागातली काही म्हातारी माणसं मला अजून ओळखतात. नातवंडांना तर ही गोष्ट फार आवडते. "आजी, तू खरंच लगाम धरून जात होती?" हो बाबा, जात होते. एक अख्खा हिवाळा जात होते. सांगताना मी जरा फुगूनच सांगते. घोडीचे कान कसे हलायचे, धुक्यात वाट कशी दिसायची नाही, सगळं रंगवून. आणि शिवरात्रीपाशी आले की थांबते. "मग काय झालं?" "मग काय, घोडी म्हातारी झाली," म्हणते आणि चहा मांडायला उठते.

आज उठत नाही. आज पुढचं लिहून सांगते.

पवनीच्या अलीकडे, वैनगंगेपासून कोसभर आत आमचं गाव. सत्तरच्या दशकातली गोष्ट, थोरला मुलगा तेव्हा दुसरीत होता. घरी थोडी धानाची शेती आणि जोडीला आमच्या यांचा मसाल्याचा धंदा. दुकान नव्हतं. घोडी हेच दुकान. तिच्या पाठीवर खोगीर, खोगिरावर दोन्ही बाजूंना लोंबणारी पडशी, पडशीत हळद, जिरं, सुंठ, मिरे, हिंगाची डबी. आठवड्यात चार गावचे चार बाजार. नदीकाठच्या गावांना तेव्हा सडक नव्हती. सायकल फसायची, घोडी मात्र शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, बरोबर पाय टाकत जायची. रंगानं तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. नाव काही नव्हतं तिला. 'घोडी' म्हटलं की तीच, कारण गावात दुसरी नव्हतीच.

त्या वर्षी दिवाळी झाली, धान चुरून, मळून झालं, आणि हे तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर चढले. वरून घसरले ते खाली उभ्या बैलगाडीच्या जुवावर पडले. नडगी मोडली. हाड बसवणाऱ्या वैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, शिवरात्रीपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही.

माल घरात भरलेला. सासू दोन दिवस मालाची पोती मोजत फिरली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माल का घरात सडवाचा? घोडी उभी आहे, बाई उभी आहे. जाय."

"मी? घोडीवर?"

"मंग घोडी तुझ्यावर बसन का?"

यांनी खाटेवरून हसून पाहिलं आणि मोडल्या पायामुळे पुन्हा कण्हले.

तेव्हा आम्ही नऊवारी नेसायचो. मागं कासोटा, म्हणून टांग टाकायला अडचण नव्हती. अडचण लाजेची होती. पहिल्या दिवशी मी गावाबाहेर निघेपर्यंत घोडी हातानं ओढत नेली. सासू मागून ओरडत आली, "अवं, घोडीले बाई-माणूस समजत नाही. तिले मांडी समजते. घट्ट धर आन् बस." बसले. घोडीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, नाकानं एक फुरफुर केली आणि चालायला लागली. नेहमीची वाट तिलाच माहीत होती, मला नव्हती.

पहिल्याच बाजारात पारावरचे लोक म्हणाले, "काय वहिनी, घोडी आणली, नवरदेव कुठी ठेवला?" मी मान खाली घातली. दुसऱ्या आठवड्यात मान खाली घातली नाही. चौथ्या आठवड्यात मीच म्हटलं, "नवरदेव खाटेवर आहे, तुम्ही येता का घोडीवर?" तेव्हा सगळा पार हसला आणि नंतर कोणी बोललं नाही.

खरं सांगते, मला ते दिवस फार आवडले. घोडीचं सगळं मी करायला लागले. सकाळी उठून लीद काढायची, खराऱ्यानं अंग घासायचं, खुरातली माती लोखंडी आकड्यानं कोरायची, पाठीवर झूल टाकून उन्हात बांधायची. मग निघायचं. धुकं इतकं की घोडीचे कान दिसायचे, त्यापुढचं काही नाही. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या खुंटांमधून लाखोळी हिरवी वर आलेली असायची. आमच्याकडे धान उभं असतानाच, ओल असते तोवर, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोळीच्या डाळीचं बी फेकतात. धान कापलं की ती आपली आपण वाढते. नांगर नको, पाणी नको. म्हणून ती प्रत्येकाच्या घरी असते. आम्ही तिची कोवळी भाजी खाल्ली, तिच्या डाळीचं वरण खाल्लं, वडे खाल्ले. सरकारी माणसं येऊन सांगायची, हिच्यानं पाय जातात, माणूस लुळा पडतो. आम्ही त्यांना वडे वाढायचो.

हरभरा मात्र आमच्या शेतात होत नव्हता. तो विकत यायचा आणि तो फक्त घोडीचा. घरचा नेमच होता, यांच्या बापाच्या वेळेपासूनचा. सासू रोज संध्याकाळी डब्यातून मापानं हरभरा काढून माझ्या ओटीत ओतायची. मी तो भिजत घालायचे आणि सकाळी तोबऱ्यात भरून घोडीच्या तोंडाला बांधायचे. घोडी डोळे मिटून खायची.

एक दिवस माझ्या मनात आलं, घोडी हरभरा खाते आणि माझी लेकरं लाखोळीचं वरण खातात. हे चूक नव्हतं, खरंच तसं होतं. आणि पुढं मी तो हरभरा लेकरांना उकडून दिला असता, तर आज एवढी लाज वाटली नसती. मी तसं केलं नाही.

चारांतल्या मोठ्या बाजारात मी बसायचे त्याच्या दोन पालं पलीकडे एक फुटाणेवाली बसायची. तिची सून तिच्याजवळ बसून सुयांवर स्वेटर विणायची. त्या दिवसांत ती मोरपिसी रंगाचा एक विणत होती. पहाटे घोडीवर वारा लागायचा, कान दुखायचे, छाती गार पडायची, हे खरं. पण मी त्या स्वेटरकडे थंडीसाठी पाहत नव्हते. तो घालून मी घोडीवर कशी दिसेन, हे पाहत होते.

फुटाणेवाली म्हणाली, "घेऊन टाक ना वं. पैसे नको देऊ. तुह्या घरी घोडीचा हरभरा येते, चांगला टपोरा. दर बाजारी थोडा थोडा आणून दे मले. सूटर तुझा."

झालं. त्या संध्याकाळपासून सासूनं मापून दिलेला हरभरा मी एका फडक्यात बांधून पडशीच्या तळाशी ठेवायला लागले, आणि बांबूच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, मागच्या वर्षीची लाखोळी भरली होती, ती तेवढीच काढून भिजत घालायला लागले. सासूची नजर मंद झाली होती. भिजलेले दाणे तिनं कधी हातात घेऊन पाहिले नाहीत. माझ्यावर विश्वास होता.

पहिल्या दिवशी घोडीनं तोबऱ्यात तोंड घातलं, थांबली, आणि मग खाल्लं. मला वाटलं, खाते म्हणजे चालतं. आपण खातो, बैल खातो, हिला काय होतंय?

स्वेटर महिन्याभरात आला. माहेरून पाठवला म्हणून सांगितलं. यांनी खाटेवरून पाहिलं आणि म्हणाले, "मस्त दिसून राहिली तू." सासू म्हणाली, "घोडीही मस्त दिसून राहिली. तुह्या हाताले गुण आहे." आणि खरंच, घोडीचं अंग तेव्हा चमकत होतं.

स्वेटर मिळाल्यावर तरी मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मग फुटाणेवालीच्या सुनेनं कानटोपी केली, मग हातमोजे. कोणाला काही कळत नव्हतं आणि घोडी बोलत नव्हती. अशी चोरी फार सोपी असते.

संक्रांतीनंतर घोडी चढावावर घुरघुरायला लागली. नाल्यातून वर काठावर चढताना तिच्या गळ्यातून आवाज यायचा, जसं कोणी रिकाम्या घागरीत फुंकतं आहे. मी म्हटलं, सर्दी. ओव्याची धुरी दिली, झूल दुहेरी केली. लाखोळी चालूच.

त्याच बाजारात पिंपळाखाली एक नालवाला म्हातारा बसायचा. बैलांना, घोड्यांना नाल ठोकायचा. सगळे त्याला बाबाजी म्हणायचे. शिवरात्रीच्या आधीच्या बाजारी मी घोडी त्याच्याकडे नेली. त्यानं मागचा पाय मांडीवर घेतला आणि बराच वेळ जुना नाल पाहत बसला.

"बाई, हा पाहा. नाल पुढूनच घासला आहे. मागं जसाच्या तसा. घोडी पाय उचलून नाही राहिली, ओढून राहिली."

"थंडीनं असेल, बाबाजी."

"थंडीनं?" तो म्हणाला. त्यानं अवजारांची पेटी उघडली. चारही नवे नाल ठोकून दिले.

शिवरात्र झाली. यांच्या कामट्या निघाल्या. आठवडाभर काठी टेकत फिरले आणि म्हणाले, आता बाजार मीच करतो. मी म्हटलं, एकदा सोबत येते. ते घोडीवर, मी मागून चालत. अंगात मोरपिसी स्वेटर. ऊन चढलं होतं तरी काढला नाही.

बाजारात शिरताना सगळ्यांनी हाका मारल्या. "आले गा आले, नवरदेव आले!" यांनी ऐटीत घोडीला टाच मारली. घोडी चार पावलं दुडकी धावली, घुरघुरली, आणि मागचे पाय दुमडून कुत्र्यासारखी खाली बसली. हे मागच्या मागं घसरले. पडशी फाटली. हळदीचा ढग उठला. घोडी पुढच्या दोन पायांवर उठायला पाहत होती आणि मागचं धड तिचं ऐकत नव्हतं. डोळे इतके मोठे झाले होते. मी ते डोळे अजून विसरले नाही.

चार जणांनी शेपटीकडून उचलून तिला उभं केलं. हे उठले, पिवळे झालेले, आणि थेट पिंपळाखाली गेले.

"बाबाजी! हात थरथरतात तर धंदा काहून करता? जित्या खुरात खिळा मारला तुम्ही. माझी घोडी बसवली!"

म्हातारा उठला. घोडीजवळ आला, मागचा पाय उचलला, एकेका खिळ्यावर हातोडीनं हळूच ठोकून पाहिलं. घोडीनं पाय झटकला नाही.

"पाहा जी," तो म्हणाला, "खिळा लागला असता तर आता तिनं माझं थोबाड फोडलं असतं. पायाचं नाही हे, कंबर गेली हिची. घुरघुर ऐकली ना? भाऊ, लाखोळी तर नाही चारून राहिले घोडीले?"

तोवर मला खरंच माहीत नव्हतं. त्या क्षणी कळलं.

"लाखोळी?" हे ओरडले. "आमच्या घरी घोडीले हरभरा भेटते, बाबाजी! हरभरा!"

गर्दीतला एक जण म्हणाला, "आन् लाखोळी चारली तरी का होते गा? आमी जल्मापासून खाऊन राहिलो, आमची कंबर गेली का?"

"तुझी गेली का नाही ते तुह्या बायकोले विचारा लागन," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

म्हातारा हसला नाही. "माणसाचं वेगळं, घोडीचं वेगळं. घोडीले लवकर धरते ती. मी पाहिलं आहे."

मग हे माझ्याकडे वळले. "सांग वं याले. काय चारते तू?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. म्हातारा पण पाहत होता. रागानं नाही. जसा नाल पाहत होता, तसा.

"हरभरा," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबले नाही. "आई मापून देतात रोज. त्यांनाच विचारा."

सासूच्या खरेपणाची चादर मी माझ्या खोटेपणावर ओढली. दोन पालं पलीकडे फुटाणेवालीच्या हातातली चाळणी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या स्वेटरकडे पाहिलं आणि पुन्हा चाळायला लागली.

यांनी म्हाताऱ्याची पेटी लाथेनं उडवली. हातोडी, कानस, खिळे मातीत पसरले. कोणी तरी म्हणालं, मागच्या वर्षी याच्याच हातून कोणाचा तरी बैल लंगडा झाला. असं काही झालं नव्हतं. पण आणखी दोघांना ते लगेच आठवलं. म्हातारा उकिडवा बसून एकेक खिळा वेचत होता. एक खिळा माझ्या पायाशी पडला होता. मी वाकून तो दिला नाही. लुगड्याखाली पाय सरकवून त्याच्यावर उभी राहिले, का ते मला आजही सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळपासून घोडीला हरभरा सुरू झाला, मापापेक्षा जास्तच. मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल गरम करून मी तिच्या मागच्या मांड्या रोज चोळायचे. सासू शेजारणींना सांगायची, "सून पाहा, घोडीसाठी जीव टाकून राहिली." स्वेटर उरलेली थंडी घालतच राहिले. अचानक घालायचा सोडला तर कोणी विचारेल, ही भीती.

घोडी मेली नाही. उभी राहायला लागली, सावकाश चालायला लागली. पण ओझं घेण्यासारखी राहिली नाही, आणि जरा भरभर चालली की तो गळ्यातला आवाज यायचा. यांनी तिला विकली नाही. सायकल घेतली, तोवर एक मुरमाची सडक झाली होती. घोडी गोठ्यात सहा वर्षं राहिली. मी पाण्याची बादली घेऊन गेले की ती घाईनं दोन पावलं पुढं यायची, आणि घुरघुरायची. इतकी वर्षं रोज दोन वेळा मी ते ऐकलं. तिला माझा राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नालवाला पुढच्या बाजारी आला, त्याच्या पुढच्याही बाजारी आला. त्याच्या पिंपळाखाली एकही जनावर गेलं नाही. होळीनंतर तो यायचा बंद झाला.

मग ऐंशीच्या दशकात, घोडी गेली त्याच्या पुढच्या वर्षी, मी भाचीच्या लग्नासाठी लाखनीला गेले होते. मोठ्या रस्त्यावर ट्रकांची रांग, आणि पंक्चरच्या दुकानामागे बाभळीखाली एक म्हातारा बैल आडवा पाडून नाल ठोकत होता. पाठीवरूनच ओळखला. बैल उठून गेला तोवर मी तिथंच उभी राहिले. मग जवळ गेले.

"कोण बाई?"

"घोडीवाली. पवनीकडची."

त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "मोरपिसी सूटर," तो म्हणाला.

मी खाली बसले तिथं. म्हटलं, "बाबाजी, लाखोळीच चारत होते मी. हरभरा फुटाणेवालीला देत होते."

"मालूम आहे. तिनंच सांगितलं मले. दुसऱ्याच बाजारी."

"मग तुम्ही बोलले काहून नाही?"

"कोणी ऐकलं असतं जी?" तो म्हणाला. "घरची बाई सांगून राहिली हरभरा. नालवाल्याचं कोण ऐकते?" त्यानं कानस पुसून ठेवली. "घोडी आहे?"

"मागच्या वर्षी गेली."

"हं." मग म्हणाला, "मले काही नको तुमच्यापासून. एक करा. त्या बाजारात मी वीस वर्षं बसलो. एकदा त्या पिंपळाखाली उभ्या राहून चार माणसांत सांगा का बाबाजीचा खिळा बरोबर होता. बस. लाखोळीचं नका सांगू, पाहिजे तर. खिळ्याचं सांगा."

मी म्हटलं, "सांगते, बाबाजी. पुढच्याच बाजारी सांगते."

"सांगा," तो म्हणाला, आणि पुढचा बैल आला म्हणून उठला.

पुढच्या बाजारी गेले. खरंच गेले. पिंपळाखाली आता एक भाजीवाली बसायची. मी तिच्यासमोर उभी राहिले. हे पाच पावलांवर आपल्या पालात हळद तोलत होते. भोवती तेव्हाचीच बरीच माणसं होती, फक्त केस पांढरे झालेले. वाक्य तयार होतं. रात्रभर घोकलं होतं.

यांनी मान वर केली. "काय वं, उभी राहून काय पाहून राहिली?"

"काही नाही," मी म्हटलं. "मेथी पाहते."

मेथीची जुडी घेतली आणि घरी आले.

पुन्हा कधी उभी राहिले नाही. लाखनीलाही गेले नाही. कधी लग्न आलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. नालवाला गेल्याचं कानावर आलं, मग फुटाणेवाली गेली, सासू गेली. पाच वर्षांपूर्वी हे गेले. शेवटपर्यंत कोणी नालवाला दिसला की हे म्हणायचे, "पाहून ठोक रे बाबा, आमची घोडी अशीच गेली." मी शेजारी बसून ऐकायचे.

आता ज्यांच्यासमोर खोटं बोलले, त्यांतलं माझ्या माहितीत कोणी उरलं नाही. तेव्हा आज सांगण्यात माझं काही जात नाही, हे मला समजतं. म्हाताऱ्यानं चार माणसांत सांगा म्हटलं होतं. हे वाचणारे चार तरी असतील.

बाबाजीचा खिळा बरोबर होता. चारही नाल बरोबर होते.